आधी पोकळी, मग कातडी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा गेले चार दिवस माझ्या टेबलावर आहेत. विमान देखणे झाले आहे. पंखांच्या आणि शेपटीच्या कडा एकमेकींना समांतर ठेवण्याची शिस्तही तू पाळली आहेस. मात्र पोटाखाली फिकट पेन्सिलीने काढलेला आयत आणि त्याशेजारचे ‘शस्त्रकप्पा, जागा नंतर ठरवू’ हे शब्द वाचल्यापासून मला चैन नाही. सुखोई-५७ या रशियन लढाऊ विमानाला खरे स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणारे, विमान म्हणावे का, आणि त्यावरून आपण विद्युतचुंबकीय शास्त्राकडे वळावे की सांगाड्याच्या अभ्यासाकडे, असे तू विचारले आहेस. दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर एकच आहे: आधी पोकळी, मग कातडी; आधी पोटातली शस्त्रांची जागा, मग बाहेरचा आकार.

तू ज्या आकड्यापाशी अडलीस तो प्रथम बाजूला ठेवू. सुखोईच्या पेटंटमध्ये रडारवरील परावर्तन क्षेत्र (रडारला विमान किती मोठे भासते त्याचे माप) आधीच्या सुखोई-२७ साठी १० ते १५ चौरस मीटर आणि नव्या विमानासाठी ०.१ ते १ चौरस मीटर दिले आहे, आणि ती सरासरी आहे. अमेरिकेच्या एफ-२२ या स्टेल्थ विमानाविषयी जे अतिसूक्ष्म आकडे सांगितले जातात, ते समोरच्या अरुंद कोनातले असतात. सरासरीची तुलना सर्वोत्तम कोनाशी करून तू दोन रात्री जागलीस, याचे मला वाईट वाटते आणि थोडा रागही येतो.

रडारला चुकवणाऱ्या आकाराचे गणित रशियाला परके नव्हते. कडांवरून लहरी कशा विखुरतात, याचा सिद्धांत प्योत्र उफिम्त्सेव्ह यांनी १९६२ मध्ये मॉस्कोत प्रसिद्ध केला. अमेरिकी हवाई दलाने १९७१ मध्ये त्याचा अनुवाद करून घेतला आणि लॉकहीडच्या अभियंत्यांनी तो एफ-११७ या स्टेल्थ विमानासाठी वापरला. रशियन लढाऊ विमानांची अडचण पोटात होती. त्यांची क्षेपणास्त्रे कायम बाहेर टांगलेली असत. मिग-३१ ने आपली चार मोठी आर-३३ क्षेपणास्त्रे पोटात अर्धी बुडवली, तेवढीच काय ती प्रगती.

आता सुखोई-५७ कडे मी सांगतो त्या बाजूने बघ. तू नाशिकची आहेस, ओझरला जुळणी होणारी सुखोई-३० विमाने लहानपणापासून पाहत आली आहेस. त्यांच्या दोन इंजिनांच्या घरांमध्ये जो रुंद बोगदा दिसतो, तिथे सुखोई-२७ पासून क्षेपणास्त्रे एकामागे एक टांगली जातात. २९ जानेवारी २०१० रोजी कोम्सोमोल्स्क-ना-अमुरे येथे सेर्गेई बोग्दान यांनी जे टी-५०, म्हणजे सुखोई-५७ चा पहिला नमुना, प्रथम उडवले, त्यात याच बोगद्याला तळ आणि दारे मिळाली, आणि एकामागे एक असे दोन मुख्य कप्पे तयार झाले. पुढचे सारे त्या पोकळीतून निघाले. इंजिने दूरदूर राहिली म्हणून मधले अंग रुंद झाले आणि तेही उचल देऊ लागले. पण इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळ्यांना पुरेसे वळण देता आले नाही, त्यामुळे इंजिनाचे तोंड काही प्रमाणात समोरून दिसते आणि त्याच्यापुढे रडारलहरी अडवणारी जाळी बसवावी लागते. एफ-२२ मध्ये नळ्या कप्प्यांना वळसा घालून जातात, इंजिनाचे तोंड झाकले जाते, पण मधल्या धडाचा सांगाडा अतिशय गुंतागुंतीचा होतो. सुखोईच्या पंखांच्या मुळाशी असलेले ते त्रिकोणी फुगवटे तुला कुरूप वाटले. जवळच्या लढाईचे क्षेपणास्त्र मधल्या कप्प्यांऐवजी त्या फुगवट्यांत ठेवले जाते. तू ज्यांना स्टेल्थमधील चुका म्हणतेस, त्यातल्या बहुतेक एका पोकळीच्या जागेची किंमत आहेत. ती किंमत योग्य होती का, यावर जरूर भांड, पण आधी ती पोकळीच्या खात्यावर लिही.

पोकळी शस्त्रालाही वाकवते. केएच-५८ हे रडारवेधी क्षेपणास्त्र कप्प्यात बसावे म्हणून त्याचे पंख दुमडते केले आणि लांबी ४.१९ मीटरवर आणली. केएच-६९ या क्रूझ क्षेपणास्त्राचा देह चौकोनी झाला, कारण गोल नळकांडी शेजारी ठेवली की मधली जागा वाया जाते. तुझ्या आराखड्यात क्षेपणास्त्राचे नावही नाही, मग कप्प्याची लांबी कुठून आलीस घेऊन?

आणि दार. काड्यापेटीचे बाहेरचे टरफल घे, त्याची एक बाजू कापून टाक आणि पिळून बघ. विमानाच्या पोटाला एवढे मोठे भोक पाडले की तेच होते, आणि तो भार कडेच्या चौकटींनी वाहायचा असतो. बंद दाराची फट आणि पायरी रडारला दिसू नये म्हणून कडा करवतीसारख्या दातेरी कापतात, आणि ते दात पंखांच्या कडांना समांतर ठेवतात. दार उघडले की तोंडावरून सरकणारी हवा पोकळीच्या मागच्या भिंतीवर आदळते, तिथून दाबाची लहर पुढे परतते, आणि हे चक्र सुरू राहिले की आत १६० डेसिबलच्या पुढचा गडगडाट होतो. ब्रिटिश संशोधक रॉसिटर यांनी १९६४ मध्ये त्याच्या वारंवारतेचे सूत्र दिले; ते पाठ कर. क्षेपणास्त्र नुसते सोडून चालत नाही, या खवळलेल्या थरातून इजेक्टर या ढकलयंत्राने त्याला जोराने खाली ढकलावे लागते, नाहीतर त्याचे नाक वर उचलले जाण्याची भीती असते.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. तरुणपणी मी एका लहान वैमानिकरहित विमानाच्या कामावर होतो. कॅमेऱ्याच्या कप्प्याची जागा ‘नंतर ठरवू’ असे बैठकीत ठरले. मला ते पटले नव्हते, पण मी सर्वांत धाकटा होतो आणि गप्प बसलो. उड्डाणात कप्पा घुमू लागला, छायाचित्रे थरथरलेली आली, मग दाराला पट्ट्या, पट्ट्यांमुळे वजन, वजनामुळे इंधन कमी, असे दीड वर्ष गेले. त्यानंतर पोकळी आखल्याशिवाय एकाही आराखड्यावर मी सही केली नाही. मला हेकेखोर म्हटले गेले, माझ्यानंतर आलेले माझ्यापुढे गेले, आणि घरीही मला विचारले जाई की एका रिकाम्या जागेसाठी इतके ताणायचे कशाला. मी ताणले ते बरोबरच होते, असे मला आजही वाटते. चूक झाली ती पहिल्या बैठकीत तोंड न उघडण्याची.

म्हणून विद्युतचुंबकीय शास्त्र की सांगाडा, हा प्रश्न तू आत्ता सोडून दे. आपल्याकडे एएमसीए या स्वदेशी स्टेल्थ लढाऊ विमानाचे काम मार्च २०२४ मध्ये मंजूर झाले आहे, त्यालाही पोटात शस्त्रे घेऊन उडायचे आहे, आणि तिथे दाराची एक दातेरी कड समजून घ्यायला दोन्ही विषय लागतील.

पुढच्या पत्रासोबत विमानाचे चित्र पाठवू नकोस. एक क्षेपणास्त्र निवड. त्याची लांबी, पंख पसरल्यावरची रुंदी आणि वजन लिही. त्याभोवती इजेक्टरला आणि हाताने जोडणी करणाऱ्या माणसाला किती जागा लागेल ते लिही. ते सुटल्यावर विमानाचा गुरुत्वमध्य किती सरकेल ते काढ, आणि दाराची बिजागरी कोणत्या चौकटीवर बसेल ते दाखव. कोऱ्या कागदावर तेवढी एक पोकळी आखून पाठव. मी वाट पाहतो आहे.

तुझा शुभचिंतक