अलास्कात मासेमारीच्या एकाच ट्रिपमध्ये सॅल्मन आणि हॅलिबट दोन्ही मिळतात का? कधी जावं?

मिळतात. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये सिवर्ड या बंदराच्या गावी जा. तेव्हा तिथल्या रेझरेक्शन बे या खाडीत सिल्व्हर सॅल्मन येतो आणि बाहेर खोल पाण्यात हॅलिबट, रॉकफिश असतात. 'कॉम्बो' ट्रिपच मागा.

हॅलिबट हा मोठा चपटा मासा तळाशी राहतो. हेरिंग या लहान माशाचं आमिष, जड शिसं, आणि गोल वळणाचा गळ. मासा लागला की हिसका देऊ नका, हातचा जातो! दोरी ताणली की संथपणे रीळ फिरवत राहा, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात रुततो.

रॉकफिश सोडायचा असेल तर वजन लावून खोलवर नेऊनच सोडावा लागतो. नियम अगदी योग्य आहे. वर येताना त्याची हवेची पिशवी फुगते, नुसता टाकला तर तरंगत मरतो.

अलास्काबाहेरच्यांना वयाच्या १६ व्या वर्षापासून परवाना लागतो. हॅलिबट पकडायला बंदी असलेले वार बदलतात, बुकिंगआधी विचारा.