वाचक विचारतात : रेग्युलेटरचा होज घरी बदलावा का?

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. जमेल तेव्हा मुरुडेश्वरहून नेत्राणीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला डाइव्ह करतो. मित्राचा वापरलेला रेग्युलेटर (टाकीतली हवा दाब कमी करून तोंडाशी आणणारा सेट) घेतलाय. त्याच्या ऑक्टोपसच्या, म्हणजे अडचणीसाठीच्या जादा सेकंड स्टेजच्या, होजला (नळीला) फर्स्ट स्टेजजवळ (टाकीवर बसणाऱ्या भागाजवळ) बारीक भेगा पडल्यात. दुकानदार म्हणतो, अख्खा सेट सर्व्हिसिंगला पाठवा, महिना लागेल. नुसता होज मी घरी बदलला तर चालेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : चालेल. मालवणात सीझनभर बोटींवरचे सेट माझ्या टेबलावर येतात, आणि त्यातलं सर्वांत सोपं काम होज बदलण्याचंच असतं. होज बाहेरून बसतो आणि बाहेरूनच निघतो. त्याच्या पलीकडे, फर्स्ट स्टेजच्या आतला पिस्टन किंवा डायफ्रॅम, सेकंड स्टेजमधला, म्हणजे तोंडात धरायच्या भागातला लिव्हर, यांना हात लावायचा नाही. पण दुकानदारही खोटं बोलत नाहीये. वापरलेल्या सेटचं शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं हे मित्राला आठवत नसेल, तर सेट दुकानदाराकडे द्यावाच लागेल. नवा होज लावला म्हणून ते टळत नाही.

आधी सगळे होज तपासा. दोन्ही टोकांवरच्या त्या रबरी टोप्या मागे सरकवा. त्यांच्याखाली खारं पाणी साचून राहतं आणि भेगाही तिथेच लपतात. होज हळूच वाकवा. रबर फाटून आतली वीण दिसली, कुठे फुगवटा आला किंवा पितळेजवळ हिरवट चढलं असेल, तर तो होज बाद. बाकीचेही त्याच वयाचे असतील, तर मी सगळेच बदलायला सांगेन.

लोक प्रेशर गेजच्या होजला घाबरतात, कारण त्यात टाकीचा पूर्ण दाब असतो, म्हणजे २०० बार. पण त्या होजच्या फर्स्ट स्टेजकडच्या टोकात मुद्दाम अगदी बारीक भोक ठेवलेलं असतं. तो फुटला तर आवाज भयंकर होईल, हवा मात्र बेताने जाईल. तुमच्या ऑक्टोपसच्या होजमध्ये दाब जेमतेम ९-१० बार. पण त्याचं तोंड मोकळं असल्याने तो फुटला की टाकी बघता बघता रिकामी होते. म्हणून त्या भेगा घेऊन नेत्राणीला जाऊ नका.

आता काम. टाकीचा व्हॉल्व्ह बंद, सेकंड स्टेजवरचं पर्ज बटण दाबून सगळी हवा बाहेर, गेज शून्यावर. त्याशिवाय पान्ह्याला हात लावायचा नाही. फर्स्ट स्टेजकडचे आटे हल्ली जवळजवळ सगळीकडे सारखेच असतात : कमी दाबाच्या पोर्टला (होज बसायच्या भोकाला) ३/८ इंच, जास्त दाबाच्या पोर्टला ७/१६. त्यामुळे चुकीच्या भोकात होज बसतच नाही. फार जुन्या बनावटीच्या काही फर्स्ट स्टेजवर मात्र दोन्हीकडे ३/८ असायचे. तुमच्या मित्राला हा सेट काकांकडून वारशाने मिळाला असेल, तर पोर्टवर ‘एचपी’ (हाय प्रेशर) लिहिलंय का ते आधी वाचा. कमी दाबाचा होज तिथे लागला तर तो फुटेल.

सेकंड स्टेजच्या बाजूला दोन पान्हे लागतात, एक नव्हे. तिथे आत जाणाऱ्या नळीवर पान्हा धरायला चपटी जागा असते. एका पान्ह्याने ती घट्ट धरायची आणि दुसऱ्याने होजचा नट सोडवायचा. एकाच पान्ह्याने जोर लावला, तर नटाबरोबर आतली नळीही फिरते आणि सेकंड स्टेजचं ट्यूनिंग बिघडतं. मग तो आपोआप हवा सोडू लागतो किंवा श्वास ओढायला जड जातो. माझ्याकडे ‘होज बदलल्यापासून बिघडला’ म्हणून येणाऱ्या सेटमध्ये हेच कारण जास्त सापडतं.

जुना होज निघाला की पोर्टमध्ये बॅटरी मारून बघा. कधीकधी जुनी ओ-रिंग (सांधा हवाबंद करणारं रबरी कडं) होजबरोबर न येता आतच चिकटून राहते. तिच्यावर नवी बसली की दोन ओ-रिंगा होतात आणि गळती सुरू. ती काढायला सुई वापरू नका, पितळेच्या बैठकीवर ओरखडा गेला तर तिथून कायम गळेल. लाकडी दातकोरणी पुरते. नवा होज उजेडाकडे धरून आरपार पाहा, आत कारखान्याचा कचरा नको. मग हातानेच फिरवत पूर्ण आत न्या. बोटांनी फिरत नसेल, तर आटे तिरके लागलेत, सोडून पुन्हा लावा. शेवटी पान्ह्याने हलकासा ताण द्या, इथे सील ओ-रिंग करते, तुमचं मनगट नाही.

गेजचा होज बदललात, तर गेजकडच्या टोकात एक छोटी पितळी स्पूल (जोडनळी) असते, तिच्या दोन टोकांना इवल्याशा दोन ओ-रिंगा. त्याही नव्या टाका. गेजपाशी सतत बुडबुडे येतात ते बहुतेक तिथूनच.

तपासणी घरातल्या बादलीत. टाकी उघडण्याआधी सेकंड स्टेज तोंडात धरून श्वास ओढा. हवा मिळता कामा नये. मिळाली, तर कुठेतरी बाहेरून आत येतेय. मग व्हॉल्व्ह हळू उघडा, गेजची काच चेहऱ्यापासून दूर ठेवून. सगळं पाण्यात बुडवा. सांध्यातून बुडबुड्यांची माळ निघाली, तर हवा सोडून सांधा पुन्हा लावा. रबरी होजच्या अंगावर इकडेतिकडे एखादा बारीक बुडबुडा येतो, त्याने दचकू नका. आतून झिरपलेली हवा निघावी म्हणून बाहेरच्या रबराला टोचे मारलेले असतात. शेवटी व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं गेजचा काटा बघा. काटा उतरत असेल, तर समुद्रावर जायचं नाही.

प्रश्न : ओ-रिंगला खोबरेल तेल लावलं तर बिघडतं का? आमच्याकडे बोटीवर सगळ्यालाच तेच लावतात.
– एक वाचक, देवबाग

उत्तर : बिघडतं हो! तेल वाळू धरून ठेवतं, आणि तिथून जाणारी हवा पर्यटकाच्या फुप्फुसात जाते. डाइव्हिंगचं सिलिकॉन ग्रीस घ्या, बोटाला लागेल एवढंच, ओ-रिंग चकाकली की पुरे. ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन भरत असाल, तर सिलिकॉनही नको. त्याला ऑक्सिजनसाठीचं वेगळं ग्रीस मिळतं. खोबरेल केसांना लावा.

प्रश्न : मी दुबईत असतो, फुजैराला डाइव्ह करतो. तीन वर्षांपूर्वी विणीचे, म्हणजे बाहेरून धाग्यांचं विणलेलं आवरण असलेले, लवचीक होज लावले. बाहेरून नवेकोरे दिसतात, पण हल्ली श्वास जड जातो. सर्व्हिसिंगमध्ये काही सापडलं नाही.
– एक वाचक, दुबई

उत्तर : होज बाहेरून दिसतो तसाच आतून असेल असं नाही. विणीच्या काही होजचं आतलं अस्तर पॉलियुरेथेनचं असतं. उष्ण, दमट हवेत ते हळूहळू विघटित होऊन आत स्फटिक धरतात आणि हवेची वाट अरुंद होते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हिंग सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेनेही याबद्दल इशारा दिला आहे. वीण मात्र शेवटपर्यंत चकचकीत. रबरी होज भेग दाखवून सांगतो तरी. म्हणून कोकणातल्या उकाड्यात मी रबरीच लावतो. तुमचे होज काढा, उजेडाकडे धरा, पिवळट चिकट थर किंवा कण दिसले तर बाद. काही दिसलं नाही तरी दुसरा होज लावून श्वास घेऊन बघा. कण सेकंड स्टेजमध्ये पोचले असतील, तर तोही साफ करायला द्या.

बाद केलेला होज नुसता कोपऱ्यात टाकू नका, मधोमध कापा. नाहीतर पुढच्या सीझनला कोणीतरी ‘चांगला दिसतोय’ म्हणत तोच लावतो. टोकांचं पितळ भंगारवाला घेतो.