रंग उडाला म्हणजे तुटला असं नाही

प्रकाशात पाण्यातला रंग तोडणारी, टायटानिया घातलेल्या अतिसूक्ष्म धाग्यांची (नॅनोफायबर) जाळी करायला पावसाळ्यात इलेक्ट्रोस्पिनिंगला, म्हणजे उच्च विद्युतदाबाने सुईतून द्रावणाचे धागे ओढायला, बसणार असशील तर आधी पेटीत आर्द्रतामापक ठेव. मुंबईची जुलैतली हवा तुला माहीतच आहे. डीएमएफ या द्रावकात विरघळवलेलं पीएएन, म्हणजे धाग्याचं पॉलिमर, हवेतली वाफ ओढून घेतं, सुईच्या तोंडाशीच घट्ट होतं आणि धागे बिघडतात. पेटी बंद, आत सिलिका जेल, एवढं पुरतं.

खरी गोची पुढे आहे. नॅनोफायबरचं पृष्ठफळ प्रचंड असतं, त्यामुळे मेथिलीन ब्लू हा चाचणीचा निळा रंग त्यावर नुसताच चिकटतो आणि पाणी फिकं दिसतं. दिवा लावण्याआधी अंधारात ढवळत ठेव, पाण्याचं ६६४ नॅनोमीटरचं प्रकाशशोषण स्थिर होईपर्यंत. संशोधनाच्या पेपरांत ३० मिनिटं लिहिलेली असतात. घड्याळावर नको, आकड्यावर जा.

दुसरं, दिव्यापुढे ४२० नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवणारा फिल्टर लाव. अ‍ॅनाटेस प्रकारच्या टायटानियाचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे त्याला अतिनील प्रकाश लागतो. तरी दृश्य प्रकाशात काम होताना दिसलं, तर रंग स्वतःच प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन देत असेल. रंगहीन फिनॉल घेऊन तीच चाचणी कर, सरांनी सांगितलं नसलं तरी. टीओसी, म्हणजे पाण्यात उरलेला एकूण सेंद्रिय कार्बन, मोजलंस तर उत्तमच.

तीच जाळी पुन्हा पुन्हा वापरल्याच्या आलेखांवर माझा फारसा विश्वास नाही. प्रत्येक फेरीनंतर जाळी धू, वाळव, वजन कर, आणि उरलेल्या पाण्यात धातू उतरलाय का ते तपास. शेवटी सुती कापड रंगवल्याचं खरं सांडपाणी घे. त्यातल्या मीठ आणि सोड्यामुळे वेग किती पडतो ते कळेल.