ऑफ-रोड गाडी घेतली, पण सोबत नाही. माणसं आणि सेवेचं काम कसं शोधू?

तुम्ही लिहिलंय की फोर-बाय-फोर घेतली, एकट्याने फिरून झालं, आता या छंदातून माणसं जोडली जावीत आणि कुणाच्या उपयोगीही पडता यावं. माझा सल्ला: एखादा ऑफ-रोड गट फिरायला निघाला की त्याच्या ताफ्यातल्या शेवटच्या गाडीत जागा मागा.

ताफ्यात सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला चालक असतो आणि सगळ्यात मागे कुणी सुटलं नाही ना हे पाहणारी गाडी. विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र), दोर, हवेचा पंप, प्रथमोपचाराची पेटी बहुधा तिच्यातच असते. मधल्यांना नियम एकच: मागची गाडी आरशात दिसत राहिली पाहिजे, वळणावर ती दिसेपर्यंत थांबायचं. त्या शेवटच्या गाडीत चालकाशेजारी बसायला मिळालं तर स्वतःची गाडी खुशाल घरी ठेवा. उतरून दोर अडकवायला, चाकाखाली दगड लावायला, चिखल किती खोल आहे ते पाहायला माणूस हवाच असतो, त्यामुळे नाही सहसा कुणी म्हणत नाही. माझे जिवाभावाचे मित्र मला याच कामात मिळाले. रुतलेल्या चाकापुढची वाळू दोघांनी मिळून उपसली की परकेपणा उरत नाही.

काही गोष्टी मात्र पक्क्या शिका. रस्त्यावर 32-35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असलेली टायरमधली हवा वाळूत शिरण्याआधी 18-20 पर्यंत उतरवायची. टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि बऱ्याचदा दोर काढायची वेळच येत नाही. डांबरीवर परतताना हवा भरायची, नाहीतर टायर तापतो. ताणला जाणारा दोर टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, कधीही अडकवू नका. झटक्यासरशी तो बॉल तुटून गोळीसारखा सुटतो, त्यात माणसं दगावली आहेत. दोर चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसवलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच (गाडी ओढण्यासाठीची मजबूत जागा), भारक्षमता कोरलेल्या शॅकलने (धातूच्या कडीने) जोडायचा आणि बाकीच्यांना लांब उभं करायचं. विंचसाठी झाडाचा आधार घ्याल तेव्हा मधे रुंद पट्टा हवा. उघडा दोर साल सोलतो आणि झाड मरू शकतं.

आता सेवेबद्दल. सगळ्यात सोपं काम म्हणजे वाटा जपणं: कचरा उचलणं, पडलेली झाडं बाजूला करणं, पाण्याने खचलेला भाग बुजवणं, अर्थात जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी घेऊनच. अमेरिकेत तिथल्या वनसेवेने 1985 मध्ये 'ट्रेड लाइटली' (हलक्या पावलाने चाला) हा उपक्रम याच विचाराने सुरू केला. आखलेली वाट सोडून गाडी घालणाऱ्यांमुळे वाटाच बंद होतात, आणि त्याची झळ आपल्या सगळ्यांना बसते. म्हणून मला हे काम बचावकार्याइतकंच मोलाचं वाटतं.

बचावकार्यात चालकाच्या हिमतीपेक्षा शिस्त जास्त लागते. ब्रिटनमध्ये '4x4 रिस्पॉन्स' या नावाने काम करणारे स्वयंसेवक बर्फ पडला की परिचारिकांना रुग्णांपर्यंत आणि डॉक्टरांना कामावर पोहोचवतात. ते आधीच नोंदणी केलेले, प्रशिक्षण घेतलेले असतात आणि यंत्रणेने बोलावलं की निघतात. न बोलावता पोहोचलेली गाडी रस्ता अडवते आणि कधी तिलाच सोडवायला दुसरं पथक पाठवावं लागतं. पुराच्या बाबतीत तर गाडीवर अजिबात विसंबू नका. सुमारे 30 सेंटिमीटर वाहतं पाणी लहान गाडी उचलू शकतं, 60 सेंटिमीटर पाणी बहुतेक एसयूव्ही वाहून नेतं. खरं काम पाण्यापासून दूरच असतं: औषधं पोहोचवणं, कर्मचाऱ्यांची ने-आण, निरोप देणं. त्यासाठी प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम आणि हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी संदेशवहनाचा) परवाना मला कुठल्याही महागड्या बंपरपेक्षा जास्त उपयोगाचे वाटतात.

गट निवडताना सामील होण्याआधी दोनच गोष्टी विचारा. कुणाची गाडी मधेच बंद पडली तर सगळे थांबता का? आणि एखाद्याला अवघड चढण नको वाटली तर वळसा घालून जायची मुभा असते का? दोन्हींना चटकन 'हो' आलं तर बिनधास्त जा. उत्तर द्यायला कुणी आढेवेढे घेतले तर दुसरा गट शोधा.