कथा सांगण्याच्या क्रमामुळे चित्रपट पाहणाऱ्याची नजर कशी बदलते?

गोष्ट तीच असली तरी प्रेक्षकाला काय आधी कळतं, यावर बरंच ठरतं. ‘श्वास’ (२००४) घ्या. कोकणातल्या परशाला डोळ्यांचा कर्करोग. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, हे आपल्याला ऑपरेशनच्या आधीच कळतं. म्हणूनच आजोबा त्याला हॉस्पिटलमधून बाहेर काढून शहर दाखवतात तेव्हा पोरगं गंमत बघत असतं आणि आपण त्याचे डोळे बघत असतो. हीच गोष्ट शेवटी उघड केली असती तर धक्का बसला असता, पण अशी कालवाकालव झाली नसती. मधूनमधून गाव दिसतं, तेही आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना तेव्हा नुसतं हिरवंगार वाटत नाही. पोर काय काय गमावणार, हेच दिसत राहतं. मराठीत इतका नेमका क्रम फार कमी चित्रपटांना साधलाय.