तंत्रपृच्छा : महागड्या ग्राफिक्स कार्डाचा कूलर निवडताना

प्रश्न : नागपुरातील आमच्या छोट्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओसाठी आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे ठरले आहे. एनव्हिडियाचे मूळ दोन स्लॉटांचे (संगणकातल्या दोन खाचांइतक्या जाडीचे) कार्ड, एसूसचे चार पंख्यांचे अ‍ॅस्ट्रल आणि इतर कंपन्यांची तीन पंख्यांची कार्डे यांच्या चाचण्या वाचत आहोत. एका कार्डाचे तापमान ६५ अंश, तर दुसऱ्याचे ७६ अंश दिलेले दिसते. या अकरा अंशांसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का? शिवाय मे महिन्यात आमच्या खोलीत डेझर्ट कूलर चालतो. त्याची दमट हवा कार्डाला बाधेल का?

उत्तर : नुसत्या तापमानाच्या आकड्यावरून कूलरची पारख होत नाही. दोन्ही कार्डांवर चिप एकच असते, दोन्ही ५७५ वॉटपर्यंत वीज घेतात आणि ती सगळी उष्णता होऊन आपल्याच खोलीत उतरते. त्या बदल्यात चिप किती अंशांवर राहते आणि पंख्यांचा किती आवाज सोसावा लागतो, एवढेच कूलरच्या हाती असते. यांपैकी एक बाजू पक्की बांधल्याशिवाय दुसरीची तुलना करता येत नाही. ज्या चाचणीत प्रत्येक कार्डाला सारखेच वॉट देऊन पंख्यांचा आवाज एकाच पातळीवर, समजा ३५ डेसिबलवर, आणला जातो आणि मग तापमान मोजले जाते, तीच खरी कूलरची चाचणी. बाकीच्या चाचण्यांतून कूलर किती चांगला आहे यापेक्षा कंपनीने पंखे किती जोरात फिरवायचे ठरवले आहे, हेच अधिक कळते. अनेक कार्डांवर शांत आणि वेगवान अशा दोन बायॉसमध्ये (कार्डाच्या अंतर्गत नियंत्रण-आज्ञावलींमध्ये) बदल करणारी बारीक कळ असते. चाचणीत ती कोणत्या बाजूला होती, हेही पाहावे.

नागपूरकरांनी तर चाचणी घेतलेल्या खोलीचे तापमान आधी शोधावे. खोली २५ अंशांची आणि चिप ७० अंशांवर असेल, तर कूलरने ५७५ वॉटसाठी ४५ अंशांची चढ घेतली, असा त्याचा अर्थ. पंख्यांची गती तीच ठेवली तर ही चढ जवळपास तेवढीच राहते. म्हणजे ३८ अंशांच्या खोलीत तीच चिप ८३ अंशांवर जाईल. एनव्हिडियाने या चिपसाठी ९० अंशांची मर्यादा दिली आहे. प्रत्यक्षात पंखे त्याआधीच वेग वाढवतात, त्यामुळे परदेशी चाचणीत शांत वाटलेले कार्ड आपल्याकडे एप्रिलपासून कानाला जाणवू लागते.

आता रचनांकडे वळू. मूळ कार्डाची करामत अशी की मुख्य सर्किट बोर्ड अगदी लहान करून मधोमध बसवला आहे आणि दोन्ही पंख्यांची हवा पातळ पट्ट्यांमधून थेट आरपार जाते. चिप आणि व्हेपर चेंबर (उष्णता पसरवणारी चपटी बंद पेटी) यांच्यामध्ये नेहमीच्या उष्णतावाहक पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे. केवळ ४० मिलिमीटर जाडीत ५७५ वॉट सांभाळणे ही अभियांत्रिकी वाखाणण्यासारखीच आहे. मात्र ती तापलेली हवा थेट वर, म्हणजे प्रोसेसरच्या कूलरच्या तोंडाशी जाते. प्रोसेसरवर हवेचा कूलर असेल आणि रेंडरमध्ये (अंतिम चित्रे तयार होताना) दोघेही राबणार असतील, तर हे कार्ड आपला भार शेजाऱ्यावर ढकलते.

अ‍ॅस्ट्रल जवळपास चार स्लॉट व्यापते आणि त्याच्या मागच्या बाजूला चौथा पंखा आहे. एवढ्या जाडीचा खरा उपयोग असा की पट्ट्यांचे क्षेत्रफळ वाढते आणि पंखे सावकाश फिरवता येतात. पंख्याची गती पाचव्या भागाने कमी केली की हवाही साधारण तेवढीच कमी होते, पण आवाज मात्र जवळजवळ ५ डेसिबलने उतरतो. जाड कार्डाचे जास्तीचे पैसे आपण खरे तर या शांततेसाठी मोजतो. ६५ आणि ७६ अंशांवर चालणाऱ्या एकाच चिपच्या वेगात रेंडरच्या घड्याळाला जाणवेल असा फरक पडत नाही.

माझा सल्ला असा : मधल्या किमतीचे तीन पंख्यांचे कार्ड घ्यावे आणि सेटिंगमध्ये वीजमर्यादा ८० टक्क्यांवर, म्हणजे ४६० वॉटवर आणावी. वरच्याच हिशेबाने ४५ अंशांची चढ ३६ अंशांवर येते. म्हणजे नऊ अंश फुकटात मिळतात. रेंडरचा वेग त्या प्रमाणात घटत नाही. वीस टक्के वॉट कमी केले तरी वेळ त्याच्या निम्म्यानेही वाढत नाही, हे एकच दृश्य दोनदा रेंडर करून आपणच ताडून पाहावे. त्याच खोलीत आवाजाचे ध्वनिमुद्रण होत असेल, तर मात्र जाड कार्डाचे पैसे वाया जाणार नाहीत.

डेझर्ट कूलरची भीती नको. कार्ड नेहमी खोलीच्या हवेपेक्षा गरम असते, त्यामुळे त्याच्यावर दव धरत नाही. आणि खोली सात-आठ अंशांनी उतरली तर चिपही जवळपास तेवढीच उतरते, असा लाभ कोणत्याही महागड्या कार्डाने मिळणार नाही. फक्त कूलरचा झोत कॅबिनेटवर सरळ सोडू नये. वाळ्याच्या ताट्यांतून बारीक तुषार उडतात आणि पाणी जड असेल तर त्यातले क्षार पट्ट्यांवर पांढरे बसतात. एक उदबत्ती लावून धूर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीत ओढला जातो आणि मागून बाहेर पडतो, एवढे मात्र पाहून घ्यावे. धूर आतच घुटमळत असेल, तर कार्डावर खर्च करण्याआधी कॅबिनेटचे पंखे बदलावेत.

प्रश्न : व्हेपर चेंबर हे हीट पाइपपेक्षा नेहमीच श्रेष्ठ असते का?

उत्तर : दोघांचे तत्त्व एकच आहे आणि ते आपल्या माठाच्या ओळखीचे आहे : पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते. फरक इतकाच की इथे पाणी तांबे धातूच्या बंद पोकळीत, कमी दाबाखाली असते, गार टोकाला पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र थरातून चिपकडे परत झिरपते. हीट पाइप ही उष्णता नळीच्या लांबीच्या दिशेने नेते, तर व्हेपर चेंबर चपटे असल्याने ती चहूकडे पसरवते. लहान चिपमधून प्रचंड वॉट निघत असतील तिथे चेंबर सरस ठरते. परंतु पुढच्या पट्ट्यांपर्यंत उष्णता नेण्यासाठी बहुतेक मोठ्या कार्डांत चेंबरवरही पाइपच बसवलेले असतात.

‘नेहमीच श्रेष्ठ’ म्हणण्याआधी ३५५ वॉटच्या रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्सचे उदाहरण आठवावे. हे कार्ड डिसेंबर २०२२ मध्ये आले आणि त्याच्या मूळ रचनेच्या काही नगांचा हॉटस्पॉट (चिपवरचा सर्वांत तापलेला बिंदू) ११० अंशांना टेकू लागला. कार्ड उभे असताना ठीक चाले आणि आडवे केले की तापे, असेही चाचण्यांत दिसले. जानेवारी २०२३ मध्ये रेडिऑन बनवणाऱ्या एएमडीने मान्य केले की त्या मर्यादित नगांच्या चेंबरमध्ये पाणी कमी भरले गेले होते. रचना उत्तम असली तरी तिची सगळी मदार आतल्या चमचाभरही नसलेल्या पाण्यावर असते.

प्रश्न : जुने आरटीएक्स ३०९० स्वस्तात मिळत आहे. त्याचा मूळ कूलर काढून दुसरा मोठा कूलर बसवावा का?

उत्तर : मुळीच नाही. या कार्डावर मेमरीच्या २४ चिपा आहेत आणि त्यांपैकी १२ बोर्डाच्या मागच्या बाजूला आहेत. वेगळा मिळणारा हवेचा कूलर पुढच्या बाजूचाच विचार करतो. मागच्या मेमरीची उष्णता फक्त पाठीच्या पत्र्यातून जाते आणि ती ११० अंशांना पोचली की कार्ड स्वतःच वेग कमी करते. ३०९० टीआयमध्ये दुप्पट क्षमतेच्या चिपा वापरून सगळी मेमरी पुढच्या बाजूला आणली गेली, त्यामुळे हा त्रास तिथे उरला नाही.

मूळ कूलरच उघडून साफ करणे अधिक फलदायी ठरते. मी उघडलेल्या अशाच एका जुन्या कार्डात चिपच्या मध्यावर पेस्ट जवळपास उरलीच नव्हती. सिलिकॉन आरशासारखे चमकत होते आणि कडेने राखाडी पेस्टची वाळलेली चौकट तयार झाली होती. वारंवार तापून निवताना पेस्ट अशी हळूहळू बाहेर ढकलली जाते. तिच्या जागी पीटीएम ७९५० हा तापल्यावर मऊ होणारा पातळ थर लावल्यास तो बराच काळ जागचा हलत नाही. मेमरी आणि कूलर यांच्यामधले उष्णतावाहक पॅड बदलताना मात्र जाडी तंतोतंत पाळावी. पॅड अर्धा मिलिमीटर जरी जाड झाला, तरी कूलर चिपवर नीट टेकत नाही आणि दुरुस्तीपूर्वीपेक्षा तापमान वाढते.

प्रश्न : अडीच किलोचे कार्ड एका बाजूने वाकले आहे. सोबत आलेला आधार लावलाच पाहिजे का?

उत्तर : होय. स्लॉटपासून दूर असलेल्या टोकाखाली तो लावावा आणि पंख्याच्या पात्यांना लागत नाही, हे हाताने पाते फिरवून पाहावे, अर्थात संगणक बंद असताना. कार्ड सरळ होईल इतपतच तो उचलावा. त्याहून वर नेल्यास ताण उलट्या दिशेने स्लॉटवर येतो.