रॅम बदलल्यावर जुन्या लॅपटॉपची स्क्रीन काळी: मदरबोर्डचे (आतल्या मुख्य सर्किट बोर्डचे) पैसे देण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरचा लॅपटॉप चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा, १० वर्षांहून जुना. भावाने सुट्टीत त्याची रॅम काढून मित्राच्या बंद लॅपटॉपमधली ८ जीबीची घातली, हार्ड डिस्क काढून तिच्या जागी नवी एसएसडी (जास्त वेगाची डिस्क) बसवली. तेव्हापासून बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळीच. खानापूरहून बेळगावला नेऊन दाखवलात तर मदरबोर्ड गेला म्हणाले आणि साडेसहा हजार सांगितले. द्यावेत का?

अजून देऊ नका.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये मेंटेनन्सला आहे. लॅपटॉप दुरुस्ती हा माझा धंदा नव्हे, पण बंद पडलेल्या मशीनसमोर उभं राहण्यात २२ वर्षं गेली आहेत. कामानंतर मशीन उठलं नाही की आमच्याकडे सगळ्यात आधी एकच विचारतात: शेवटचा हात कुणी लावला आणि कशाला लावला? कालपर्यंत चालणारा बोर्ड नेमका झाकण उघडलं त्याच दिवशी आपोआप मरावा, असं क्वचित होतं. जे बदललं तिथेच आधी बघायचं.

एसएसडीवरचा संशय तर लगेच काढून टाकता येईल. लॅपटॉपमध्ये डिस्क अजिबात नसली तरी कंपनीचा लोगो दिसतो आणि मग ‘बूट डिव्हाइस (म्हणजे चालू व्हायला लागणारी डिस्क) सापडत नाही’ अशा अर्थाची ओळ येते. तुमच्याकडे लोगोच येत नाही, म्हणजे गाडी डिस्कपर्यंत पोचलेलीच नाही. तरी एसएसडी काढून बाजूला ठेवा, चाचणी करताना जितके कमी भाग तितकं बरं. जुन्या हार्ड डिस्कवर वडिलांच्या दुकानाचा हिशेब आहे म्हणून तुम्ही काळजीत आहात. ती डिस्क कपाटात नीट ठेवली असेल तर हिशेब जिथल्या तिथे आहे. यूएसबीच्या केसमध्ये घालून दुसऱ्या कुठल्याही संगणकावर तो उघडता येईल. दुकानात लॅपटॉप देताना ती डिस्क सोबत देऊ नका.

आता स्क्रीन काळी म्हणजे नक्की कशी काळी ते बघा. रात्री खोलीतला दिवा घालवा, लॅपटॉप चालू करा आणि मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. पुसट अक्षरं किंवा लोगो दिसला तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. मग एचडीएमआयची वायर घरच्या टीव्हीला लावून बघा. टीव्हीवर चित्र आलं तर बोर्ड जिवंत आहे. दोष स्क्रीनचा किंवा बिजागरीतून जाणाऱ्या पट्टीसारख्या केबलचा. शिवाय चालू करून मिनिटभराने कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा प्रत्येक दाबाला लागत-विझत असेल तर बहुतेक वेळा आतलं काम सुरू झालेलं असतं. दिवा हलतच नसेल आणि टीव्हीही काळा असेल, तर लॅपटॉप पहिल्याच पायरीवर अडकलाय, आणि ती पायरी म्हणजे बहुतेक वेळा रॅम. काही लॅपटॉप अशा वेळी ठरावीक वेळा बीप देतात किंवा कॅप्स लॉकचा दिवा मोजून लुकलुकवतात. त्या मोजणीचा अर्थ कंपनीगणिक वेगळा असतो, म्हणून तुमच्याच मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत बघा.

माझा सगळ्यात जास्त संशय भावाने घातलेल्या रॅमवर आहे, आणि त्याचं कारण मी स्वतः भोगलंय. २०२१ मध्ये मुलीचे वर्ग घरूनच चालू होते. तिचा लॅपटॉप फार अडखळायचा म्हणून मी ओळखीच्याकडची एक जुनी रॅम आणून घातली. स्क्रीन काळी. शहरातल्या एका दुकानात बोर्ड बदलायला सांगितलं. पैसे जमेपर्यंत लॅपटॉप तीन आठवडे तसाच पडून राहिला आणि पोरगी माझ्या मोबाईलवर, एवढ्याशा पडद्यावर डोळे बारीक करून शिकत होती. एका रविवारी दोन्ही रॅम शेजारी ठेवून स्टिकर वाचले. एकावर पीसी-थ्री लिहिलं होतं, दुसऱ्यावर पीसी-थ्री-एल. एका अक्षराचा फरक! लॅपटॉपची मूळची रॅम परत घातली आणि लोगो आला. ते तीन आठवडे आजही मनाला लागतात, म्हणून एवढं लांबण लावून लिहितोय.

पीसी-थ्री म्हणजे साधी डीडीआर-थ्री, ती १.५ व्होल्टवर चालते. एल असलेली डीडीआर-थ्री-एल १.३५ व्होल्टवर चालते. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपर्यंतचे लॅपटॉप १.५ व्होल्ट देत होते. २०१३ मध्ये चौथी पिढी आली तेव्हा लॅपटॉपच्या प्रोसेसरला १.३५ व्होल्टचीच रॅम लागू लागली. घोळ असा की दोन्हींना २०४ पिना आणि मधली खाचही एकाच जागी, त्यामुळे चुकीची रॅम खटकन बसते आणि बसवणाऱ्याला काही कळत नाही. क्वचित एखादा लॅपटॉप अशा रॅमवरही उठतो, पण बरेच तोंडच उघडत नाहीत. कमी व्होल्टमुळे रॅम किंवा बोर्ड जळत मात्र नाही, म्हणून भावाला बोलू नका. मित्राचा लॅपटॉप दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा असेल तर नव्वद टक्के हेच झालंय असं माझं मत. तुमच्या लॅपटॉपमध्ये रॅमच्या एका खाच्यात (स्लॉटमध्ये) जास्तीत जास्त ८ जीबी चालते, हेही पुढे नवी घेताना ध्यानात ठेवा.

मग करायचं काय? चार्जर काढा, बॅटरी काढा. बॅटरी आत असेल तर खालचं झाकण उघडून तिचा कनेक्टर हलक्या हाताने सोडवा. बंद लॅपटॉपच्या बोर्डवरही बॅटरीतून वीज खेळत असते, आणि ती न काढता रॅम काढ-घाल करणं हीच खरी बोर्ड घालवायची वाट आहे. पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. आता भावाची रॅम काढा आणि मूळची, फक्त मूळचीच, परत घाला. घालण्याआधी तिच्या पिवळ्या पट्ट्या शाळेतल्या स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलके पुसा आणि चुरा पूर्ण झटका. तुमच्याकडे जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांनासुद्धा बुरशी धरते, रॅमच्या पट्ट्यांवर मळ धरायला कितीसा वेळ? रॅम तिरकी धरून खाच्यात पूर्ण आत सारायची, मगच खाली दाबायची. दोन्ही बाजूच्या क्लिपा ‘टक्’ करून बसल्या पाहिजेत. पिवळी पट्टी बरीच बाहेर दिसत असेल तर अजून नीट बसलेली नाही. चित्र आलं नाही तर तीच रॅम दुसऱ्या खाच्यात घालून बघा.

चालू केल्यावर लगेच बंद करू नका. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा काही लॅपटॉप मिनिटभर, कधी दोन मिनिटंही काळे राहतात, कारण ते नव्या रॅमशी जुळवून घेत असतात. घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबलं की ते काम दरवेळी अर्ध्यावर मोडतं.

मूळच्या रॅमवरही काही नाही, तर बोर्डवरचा नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल पाच मिनिटं काढून परत लावा. जुन्या लॅपटॉपमध्ये तो बहुतेक सीआर-२०३२ असतो, वायरीला जोडलेला. यानंतर तारीख चुकेल, ती घालून घ्या. बूटची पद्धतही मूळ ठिकाणी जाते, त्यामुळे लोगो येऊन पुढे नुसती लुकलुकती रेघ राहिली तर बायॉसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या पानावर) यूईएफआय आणि लेगसी हे बूटच्या नव्या-जुन्या पद्धतींचे पर्याय आलटून बघा. मग झाकणाचे स्क्रू तपासा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर तो बोर्डला टोचतो, आणि हे नुकसान खरं असतं. उघडताना भावाने स्क्रू एकाच वाटीत टाकले होते का, एवढं विचारा.

एवढं सगळं करूनही काळीच राहिली तर दुकान गाठा, पण वेगळ्या दुकानात, आणि चिपपर्यंत काम करणाऱ्याकडे, म्हणजे अख्खा बोर्ड न बदलता त्यावरचे बारीक भाग दुरुस्त करणाऱ्याकडे. त्याला मीटर लावून कुठला व्होल्ट येत नाही ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा. गरम हवा मारून चिप ‘उठवून’ देतो म्हणाला तर नाही म्हणा. असं उठलेलं थोडे दिवस चालतं आणि पुन्हा झोपतं. बोर्ड बदललाच तर जुना बोर्ड परत मागून घ्या.

आज संध्याकाळी दोन्ही रॅमच्या स्टिकरचे फोटो काढून इथे टाका, मी बघून सांगतो. पैसे तोवर घरातच राहू देत.